महायुद्धात पडलेल्या, कबर नसलेल्या सैनिक पूर्वजाचं नाव परदेशातल्या स्मारकावर कसं शोधावं

आधी घरातला ट्रंक उघडा. पदकाच्या कडेवर बहुतेक वेळा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, भिंगाने वाचा. या तीन गोष्टी हाती असल्या की निम्मं काम झालं.

मग महायुद्धांत पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. इथे ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यूच नोंदलेले आहेत.

घोळ होतो तो आडनावात. कित्येक नोंदींत आडनाव नसतंच, नुसतं पाळण्यातलं नाव. वर गोऱ्या कारकुनाचं स्पेलिंग. म्हणून नाव कोरं ठेवा. 'इंडियन आर्मी', पलटण आणि मृत्यूचं वर्ष भरा, आलेली यादी वडिलांच्या व गावाच्या नावावरून चाळा. जिल्हा जुना धरा: रायगड नव्हे, कुलाबा. व्हिक्टोरिया क्रॉस विजेते यशवंत घाडगे तिथलेच. त्यांचं नाव इटलीत कॅसिनो स्मारकावर आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियममध्ये पडलेल्यांसाठी फ्रान्समधलं न्यव्ह शापेल स्मारक पाहा, मेसोपोटेमियासाठी (आजचा इराक) बसऱ्याचं. बसऱ्याच्या फलकांवर भारतीय शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीगणिक फक्त संख्या आहे. हे फार लागतं मनाला. नावं स्मारकाच्या नोंदवहीत आहेत, म्हणून फलकाच्या फोटोत नाव दिसलं नाही तरी शोध सोडू नका.

नोंद सापडली की फलक क्रमांक उतरवून घ्या; भेटीला जाणाऱ्याला तोच लागतो.