करधोरण मतदारांना समजावून सांगताय? या चुका टाळा

कराबद्दल कुणाशीही बोला, मनात त्याचा प्रश्न एकच असतो: माझ्यावर किती पडणार? तुम्ही मात्र सुरुवात करता महसुली तुटीपासून. दोन मिनिटांत समोरचा घड्याळाकडे बघायला लागतो.

सगळ्यात महागात पडते ती साध्या प्रश्नाला सरळ उत्तर न देण्याची चूक. ऑस्ट्रेलियात १९९३ साली विरोधी पक्षनेते जॉन ह्यूसन १५ टक्के जीएसटीचा प्रस्ताव घेऊन निवडणुकीत उतरले होते. अर्थशास्त्राचे प्राध्यापक राहिलेला माणूस. टीव्हीवर त्यांना विचारलं गेलं, वाढदिवसाचा केक महाग होईल की स्वस्त? त्या केकवर सध्या विक्रीकर आहे का, त्यावरची सजावट कसली, असे फाटे फुटत गेले. केक महाग की स्वस्त, हे ऐकणाऱ्याला कळलंच नाही. हातची समजली जाणारी ती निवडणूक ते हरले. कारणं अनेक होती, पण ती मुलाखत आजही लोकांच्या लक्षात आहे. तेव्हा बोलायला जाण्याआधी रोजच्या वापरातल्या चार वस्तूंचा आणि दोन-तीन वेगवेगळ्या उत्पन्नांचा हिशेब कागदावर करूनच निघा.

कराच्या टप्प्यांबद्दलचा गैरसमज तर फार खोलवर रुजलेला आहे. समजा, ५ लाखांपर्यंत कर नाही आणि त्यापुढच्या रकमेवर १० टक्के कर आहे. एखाद्याचं उत्पन्न ५ लाख १० हजार झालं, की त्याला वाटतं आता ५१ हजार गेले. जातात फक्त १ हजार, कारण दर लागतो तो वरच्या १० हजारांना. (काही देशांत सवलतींच्या अटींमुळे मर्यादा ओलांडताच खरोखर फटका बसतो, म्हणून स्थानिक नियम आधी तपासा.) हे तोंडी सांगून पटत नाही. कागदावर रेघ मारा, खाली ५ लाख, वर १० हजार लिहा आणि गुणाकार त्यालाच करू द्या.

‘मी कुठे कर भरतो?’ म्हणणाऱ्याला सोडून पुढे जाऊ नका. साबण, इंधन, मोबाइलचं रिचार्ज यांच्या किमतीत बहुतेक ठिकाणी कर असतोच. कमी कमाईचा बराचसा भाग खरेदीतच संपतो, त्यामुळे असा कर गरिबाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा खातो. ही गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ज्यांच्यावर भार जास्त पडतो त्यांनाच या चर्चेतून वगळलं जातं.

टक्क्यांत गफलत नको. दर १० वरून १२ टक्के झाला, तर कराची रक्कम २० टक्क्यांनी वाढते, पण कर धरून ११० ला मिळणारी वस्तू ११२ ला मिळते. दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणून दोन्ही सांगा.

देशाच्या तिजोरीला घरखर्चाची उपमा देणंही टाळा. घराने खर्च कापला तर घराचे पैसे वाचतात. सरकारने कापला तर कुणाचा तरी पगार किंवा कंत्राट जातं आणि त्याच्याकडून येणारा करही घटतो.

करकपातीचं आश्वासन सांगताना पैसा कुठून येणार, कुणाचं नुकसान होणार, हेही त्याच दमात सांगा. पुढे ते विरोधकाकडून कळलं, तर तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

एवढं करूनही समोरचा नुसता मान डोलावत असेल तर समजलं असं धरू नका. ‘घरी गेल्यावर हे कसं सांगाल?’ असं विचारा. तो जिथे अडखळेल, तिथूनच पुन्हा सांगायला घ्या.