चालू व्हर्च्युअल मशीनला नेटवर्क कार्ड कसं जोडायचं, आणि नीट कसं काढायचं

रामबागेतल्या एका पतपेढीचा सर्व्हर मी सांभाळतो, एकाच डब्यात लिनक्सवर केव्हीएम (एका कॉम्प्युटरात अनेक कॉम्प्युटर चालवायची सोय) आणि त्यात तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले कॉम्प्युटर, त्यातलं हिशोबाचं मशीन सकाळी साडेदहाला काउंटर उघडलं की संध्याकाळपर्यंत कोणी हात लावू देत नाही. मार्च एंडच्या आठवड्यात बॅकअपसाठी त्याला दुसरं नेटवर्क कार्ड द्यायचं होतं. काउंटरवरच्या काकू म्हणाल्या, "दादा, बंद नका करू हो, माझी एंट्री अर्धी आहे." बंद करायची गरजच नव्हती, चालू मशीनलाच कार्ड लावता येतं आणि काढताही येतं, फक्त दोन्हीची रीत वेगळी आहे आणि काढायची रीत जास्त लक्ष देऊन करायची आहे.

खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

सगळ्यात आधी आत्ता काय आहे ते बघा. होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, 'व्हर्श डॉमिफलिस्ट' (व्हर्श ही ही मशीनं सांभाळायची कमांड) आणि पुढे मशीनचं नाव दिलं की प्रत्येक कार्डाची एक ओळ येते, कुठल्या ब्रिजला (मशीनं नेटवर्कला जोडणारा होस्टमधला स्विच) जोडलंय, मॉडेल कोणतं, मॅक अॅड्रेस (कार्डाचा ओळख क्रमांक) काय. हे कागदावर उतरवून घ्या, खरंच कागदावर, कारण गडबडीत स्क्रीन वर सरकते. आणि 'व्हर्श डम्पएक्सएमएल' करून मशीनची पूर्ण व्याख्या एका फाइलीत ठेवा, अर्धा मिनिट लागतं.

मग जोडणं. 'व्हर्श अटॅच-इंटरफेस', त्यापुढे मशीनचं नाव, प्रकार 'ब्रिज', ब्रिजचं नाव, मॉडेल 'व्हर्टआयओ' (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेलं कार्ड), आणि शेवटी 'लाइव्ह' व 'कॉन्फिग' हे दोन्ही पर्याय. इथे बरेच जण चुकतात. दोन्ही पर्याय दिलेच नाहीत तर चालू मशीनला कार्ड फक्त तेवढ्यापुरतं लागतं, मशीन आतून रिस्टार्ट केलं तरी दिसत राहतं म्हणून सगळ्यांना वाटतं झालं काम, आणि एक दिवस पूर्ण बंद करून चालू केलं की कार्ड गायब, बॅकअप बंद, आणि कोणाला कळत नाही का. नुसतं 'कॉन्फिग' दिलं तर उलट, आत्ता काहीच होत नाही, पुढच्या वेळी पूर्ण बंद करून सुरू केल्यावर दिसेल. म्हणून दोन्ही.

मॅक अॅड्रेस पण स्वतःच द्या, म्हणजे आत्ताच्या कार्डाला आणि साठवलेल्या व्याख्येत एकच मॅक राहतो. केव्हीएमचे मॅक ५२:५४:०० ने सुरू होतात, पुढचे तीन जोड तुम्ही ठरवायचे, समजा ५२:५४:००:४१:०७:२२, फक्त त्या नेटवर्कात दुसऱ्या कोणाचा तोच नको.

कमांड नको वाटत असेल तर व्हर्च्युअल मशीन मॅनेजर उघडा, मशीनच्या तपशिलात 'अॅड हार्डवेअर', मग 'नेटवर्क'. चालू मशीनला लागलं नाही तर तो विचारतो की पुढच्या शटडाउननंतर लावू का, तो प्रश्न नीट वाचूनच हो म्हणा.

पीसीआय स्लॉट (कार्ड बसवायच्या जागा) उरले नाहीत असा एरर आला तर घाबरू नका. क्यू३५ प्रकारच्या (नव्या पद्धतीच्या मदरबोर्डची नक्कल असलेल्या) मशीनमध्ये चालू असताना लावलेल्या प्रत्येक कार्डाला एक रिकामा पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्ट लागतो, आणि तो पोर्ट चालू मशीनला जोडता येत नाही. तेवढ्यासाठी एकदा मशीन बंद करावंच लागतं, तर एकदम चार-पाच पोर्ट घालून ठेवा, पुढचं टेन्शन नाही.

होस्टचं काम संपलं की मशीनच्या आत जा. 'आयपी लिंक' केलं की नवीन नाव दिसेल, ईएनपी७एस० असं काहीतरी, त्याचा मॅक कागदाशी जुळवा. उबंटू सर्व्हरवर ते बहुतेक पडून राहतं कारण नेटप्लॅनमध्ये (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) त्याचं नाव नाही, तिथे ते लिहावं लागेल. दुसऱ्या कार्डालाही डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळायची सोय) दिलंत आणि तिथून पण डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार) आला तर मशीन गोंधळतं, प्रश्न एका दारातून येतो आणि उत्तर दुसऱ्या दारातून जातं, काउंटरवर सॉफ्टवेअर अडकतं. बॅकअपच्या कार्डाला गेटवे नकोच. नेटप्लॅनमध्ये त्या कार्डाच्या डीएचसीपी ओव्हरराइड्समध्ये 'यूज-राउट्स' फॉल्स करा, नेटवर्क मॅनेजर असेल तर 'नेव्हर-डिफॉल्ट' येस. आणि 'नेटप्लॅन अप्लाय' ऐवजी 'नेटप्लॅन ट्राय' वापरा, १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर तो आपोआप जुन्या सेटिंगवर परत जातो, दूरून काम करणाऱ्याला हा मोठा आधार आहे. विंडोज गेस्टमध्ये, म्हणजे आतल्या मशीनवर विंडोज असेल तर, व्हर्टआयओचा ड्रायव्हर आधीच घातलेला हवा, नसेल तर मॉडेल ई१०००ई घ्या.

आता काढणं. काढणं म्हणजे होस्टने गेस्टला केलेली विनंती आहे, आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमने मान्य करून कार्ड सोडलं तरच ते जातं. मशीन बूट होत असेल किंवा अडकलेलं असेल तर विनंती तशीच राहते, म्हणून कमांडने यश दाखवलं तरी विश्वास ठेवू नका.

मी एकदा दोन्ही कार्डं एकाच ब्रिजवर असताना यादीतल्या चुकीच्या ओळीचा मॅक उचलला आणि चालू कामाचंच कार्ड काढलं. माझं एसएसएच, म्हणजे दुरून जोडलेलं कनेक्शन, गेलं आणि काउंटरवर तीन माणसं पासबुक हातात घेऊन उभी होती, कन्सोलवरून परत लावेपर्यंत दहा मिनिटं गेली. तेव्हापासून मी थेट काढत नाही. आधी 'व्हर्श डॉमिफ-सेटलिंक' ने त्या मॅकची लिंक 'डाउन' करतो, म्हणजे केबल उपटल्यासारखं होतं पण कार्ड जागेवर असतं. पाच-दहा मिनिटं थांबतो, काउंटरवर जाऊन विचारतो की सगळं चालतंय ना. कोणी ओरडलं तर लिंक 'अप', एका सेकंदात पूर्ववत.

सगळं शांत असेल तर आतून ते कार्ड बंद करा, मग होस्टवर 'व्हर्श डिटॅच-इंटरफेस', मशीनचं नाव, प्रकार, आणि मॅक, परत 'लाइव्ह' आणि 'कॉन्फिग' दोन्ही. त्या प्रकारची एकापेक्षा जास्त कार्डं असतील तर मॅकशिवाय ती कमांड पुढे जातच नाही, आणि ते बरंच आहे. नंतर पुन्हा डॉमिफलिस्ट बघा आणि आत आयपी लिंक बघा, दोन्हीकडून ओळ गेली असेल तरच काम झालं. गेली नसेल तर मशीन पूर्ण सुरू झालंय का ते बघून पुन्हा विनंती करा.

प्रॉक्समॉक्स (केव्हीएमवरचंच, ब्राउझरमधून चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर मशीनच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'हॉटप्लग'च्या यादीत नेटवर्क आहे का ते बघा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मात्र चालू मशीनला नवीन अॅडॉप्टर देता येत नाही, जे आधीपासून चालू केलेलं आहे त्याची केबल जोडणं-काढणं आणि ते कुठल्या नेटवर्कला लावायचं तेवढं बदलता येतं.

कार्ड गेल्यावर आतल्या नेटप्लॅनमधल्या त्याच्या ओळीही काढा, नाहीतर पुढच्या बूटला मशीन नसलेल्या कार्डाची वाट बघत बसू शकतं.