सॅन मारिनोच्या पोरांची मॅच कशी बघावी

माझा भाचा विचारतो, "मावशी, पाच गोल खाणाऱ्या टीमची मॅच तू शेवटपर्यंत कशाला बघतेस?" मी उत्तर देत बसत नाही, वही पुढे करते. पेशाने मी हिशेबनीस. त्यामुळे सॅन मारिनोच्या एकवीस वर्षांखालच्या संघाची मी चक्क खातेवही ठेवलीय. हा नाद कुणाला लावून घ्यायचा असेल तर सुरुवात कुठून करायची, ते सांगते.

आधी एक ढोबळ हिशेब करून घ्या, त्यानंतर स्कोअर बघून हसू येणार नाही. देश ६१ चौरस किलोमीटरचा, चारी बाजूंना इटली, माणसं साधारण ३४ हजार. माणूस ८० वर्षं जगतो असं धरून भागाकार केला तर एका वर्षात जन्मलेले सव्वाचारशे, त्यातले मुलगे दोनशेच्या आसपास. संघात बसतील अशा चार वयोगटांचे मिळून आठशे. हाही आकडा मी सढळ हाताने काढलाय. आता त्यातून फुटबॉल न खेळणारे वजा करा, गुडघा दुखावलेले वजा करा, परीक्षा असलेले वजा करा. उरतील त्यांतून दोन-तीन गोलकीपर शोधायचे. तिथलं नागरिकत्व सहजी मिळत नाही, म्हणजे बाहेरून खेळाडू आणायची सोयही नाही. समोर जर्मनी किंवा इंग्लंड आलं की त्यांच्याकडे अशी आठशे पोरं एकेका शहरात सापडतात.

आता वही. लांब, रेघांची, खातेवहीसारखी घ्या. एका खेळाडूला एक पान. वरती नाव, जन्मवर्ष, जागा आणि क्लब. खाली ओळी मोकळ्या. मोठ्या देशाच्या युवा संघाची अशी वही ठेवायला मी कुणालाच सांगणार नाही. दर वर्षी साठ-सत्तर नवी नावं, आणि त्यांतली बहुतेक पुढे कुठे जातात याचा पत्ता लागत नाही. इथे मात्र पानं पुरतात. सतरा वर्षांखाली दिसलेला मुलगा एकोणीसमध्ये दिसतो, मग एकवीसमध्ये, आणि बऱ्याचदा मोठ्या संघातही. पोराची उंची वाढताना दिसते, असं म्हणायला हरकत नाही.

जन्मवर्ष लिहायला विसरू नका, कारण 'एकवीस वर्षांखाली' या शब्दांवर जाऊ नये. या वयोगटाची युरोपियन स्पर्धा दोन वर्षं चालते आणि वय मोजतात ते पात्रता फेरीच्या सुरुवातीला. २०२७ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००४ किंवा त्यानंतर जन्मलेले चालतात. म्हणजे अंतिम फेरीच्या वेळी एखादा तेवीस वर्षांचाही असतो. मी पहिल्या वर्षी हे न कळून दोघांची पानं आधीच बंद केली होती आणि मग दोघंही पुढच्या मॅचला मैदानात. सतरा आणि एकोणीसचा प्रकार वेगळा. तिथे चार देश एका ठिकाणी जमतात आणि आठवड्याभरात तीन-तीन सामने उरकतात. तो आठवडा दमवणारा असतो, खेळणाऱ्यांना आणि वही लिहिणाऱ्यालाही.

संघाची यादी मॅचच्या काही दिवस आधी तिथल्या फुटबॉल महासंघाकडून जाहीर होते, इटालियनमध्ये. घाबरायचं कारण नाही, पाच-सहा शब्दांवर काम भागतं. 'कोन्व्होकाती' म्हणजे बोलावलेले. 'पोर्तिएरे' गोलकीपर, 'दिफेन्सोरे' बचावातला, 'चेन्त्रोकाम्पिस्ता' मधल्या फळीतला, 'अत्ताकान्ते' पुढचा. 'एझोर्दिओ' हा शब्द दिसला की खाली रेघ मारा. तो पदार्पणाला वापरतात, आणि आपल्याला नवं पान उघडायचं असतं.

नावापुढचा क्लब नीट वाचा. यादीतला खरा मजकूर तो. त्रे फिओरी, त्रे पेन्ने, ला फिओरिता, फोल्गोरे, मुराता अशी नावं दिसली तर मुलगा देशातल्याच लीगमध्ये खेळतो. ही लीग बहुतांशी हौशी खेळाडूंची. दिवसा नोकरी किंवा कॉलेज, संध्याकाळी सराव. क्लबांना स्वतःचं असं घरचं मैदान नसतं, देशातली मैदानं सगळ्यांत वाटून सामने लावतात. नावापुढे इटलीतला एखादा क्लब असेल तर तो तिथल्या लीगच्या कुठल्या विभागात, म्हणजे कितव्या पायरीवर आहे ते शोधा. चौथ्या विभागातल्या पहिल्या संघात रोज सराव करणारा अठरा वर्षांचा मुलगा या वहीत फार मोलाचा. अलीकडे महासंघाच्या अकादमीचा बावीस वर्षांखालचा संघही देशाच्या लीगमध्ये उतरवला जातो, तेव्हा एकाच क्लबची चार-पाच नावं लागोपाठ दिसली तर छपाईची चूक समजू नका. मला हा बदल आवडला. एकमेकांबरोबर आठवडाभर खेळलेली पोरं बचाव करताना मागे न बघता सरकतात, ते दिसतं.

आडनावांपासून सावध. छोट्या देशात ती फिरून फिरून येतात. मोठ्या संघात आल्दो आणि दाविदे सिमोन्चिनी हे जुळे भाऊ होते, एक गोलकीपर, दुसरा बचावात. आडनावावर पान उघडलं की खात्यात घोळ झालाच म्हणून समजा.

वेळेचं एकदाच पाठ करा. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार तास. बदल होतो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. युवा संघाचे सामने पुष्कळदा तिथल्या दुपारी किंवा संध्याकाळी असतात, त्यामुळे मोठ्या संघासारखं मध्यरात्री जागावं लागत नाही. सरकारी वाहिनी सॅन मारिनो आरटीव्ही आणि युएफाचं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचं संकेतस्थळ, दोन्ही उघडून ठेवा. चित्र कुठेच मिळालं नाही तर युएफाच्या पानावर मिनिटागणिक नोंदी असतात. त्यावरूनही वही भरते, फक्त कोण थकलं ते कळत नाही.

आता प्रत्यक्ष मॅच. गोल मोजू नका, ते तसेही फळ्यावर दिसतात. पहिला गोल कितव्या मिनिटाला बसला ते लिहा. दहाव्या मिनिटाच्या आत बसला तर आखलेला बचाव तिथेच मोडतो, आणि पुढचे दोन-तीन गोल त्या एकाच्या पोटातून येतात. पस्तिसाव्या मिनिटापर्यंत ०-० असेल तर समोरच्यांचे पास चिडके व्हायला लागतात, लांबून फटके सुटतात, प्रशिक्षक रेषेवर येऊन हातवारे करतो. ०-४ चे दोन सामने माझ्या वहीत शेजारी-शेजारी आहेत. एकात पहिला गोल सहाव्या मिनिटाला, दुसऱ्यात बावन्नाव्या. निकाल सारखा, पण खाती वेगळी.

कॅमेरा चेंडूमागे धावतो, तुम्ही धावू नका. मागे पाच, त्यांच्यापुढे चार, आणि पुढे एकटा, अशी रचना बहुतेक दिसेल. त्या पाच आणि चारांमधलं अंतर बघत राहा. डोक्यात दोरी ताणून धरायची. अंतर दहा-बारा पावलांचं असलं की समोरच्यांना मध्ये उभं राहायलाच जागा नाही. साठाव्या मिनिटानंतर दोरी सैल पडते, कारण मधले चार परत यायला एक श्वास जास्त घेतात. दिवसभर काम करून सराव करणारे आणि फक्त फुटबॉल खेळणारे यांतला फरक पायांच्या चपळाईत फारसा कळत नाही, तो या श्वासात कळतो. बदली खेळाडू पाच चालतात. ते कितव्या मिनिटाला उतरवले ते लिहिलंत की प्रशिक्षकालाही हे दिसलं होतं की नाही ते समजतं.

पुढे एकट्या उभ्या असलेल्या मुलाला माझ्या वहीत वेगळा रकाना आहे. नव्वद मिनिटांत त्याला चेंडू आठ-दहा वेळा मिळतो, तोही उंचावरून, पाठीशी दोन धिप्पाड बचावपटू. त्यातले किती त्याने धरून ठेवले, किती फाउल मिळवले, किती थ्रो-इन काढले, ते मोजा. एक फाउल म्हणजे मागच्या नऊ जणांना अर्ध्या मिनिटाची उसंत. मिळवलेला कॉर्नर मी लाल शाईने लिहिते. गोलकीपरने गोलकिक घाईने मारली की वेळ काढून, हेही बघावं. ०-० असताना वेळ काढणारा एकोणीस वर्षांचा पोरगा मला भरवशाचा वाटतो, रेफ्रीला काय वाटायचं ते वाटो.

एक विषयांतर करते, कारण मला ते खुपतं. २०१९ ची एकवीस वर्षांखालची युरोपियन स्पर्धा इटली आणि सॅन मारिनोने मिळून भरवली. सॅन मारिनोतल्या सेर्राव्हाल्लेच्या स्टेडियमवर सामनेही झाले. इटलीला यजमान म्हणून थेट प्रवेश, सॅन मारिनोला मात्र पात्रता फेरीतूनच यावं लागणार होतं, आणि अर्थात येता आलं नाही. घर आपलं, पंगत दुसऱ्यांची.

पण याच वयोगटाने सप्टेंबर २०१३ मध्ये वेल्सला १-० ने हरवलंय. तेव्हा मोठ्या संघाच्या नावावर सगळ्या मिळून एकच विजय होता, २००४ मधला, लिख्टेनश्टाइनविरुद्ध, तोही मैत्रीपूर्ण सामन्यात. तेव्हा पुढे काही घडायचं असेल तर त्याची चाहूल धाकट्यांच्या खात्यात लागते, हे मी त्या एका नोंदीवरून धरून चालले.

आणि तरीही चुकले. ५ सप्टेंबर २०२४, मोठा संघ, सेर्राव्हाल्ले, समोर पुन्हा लिख्टेनश्टाइन. आपल्याकडे रात्रीचा एक वाजलेला, मध्यंतराला ०-०, सकाळी मला लेखापरीक्षणासाठी लवकर निघायचं होतं. वहीत '०-०?' लिहिलं आणि लॅपटॉप मिटला. त्रेपन्नाव्या मिनिटाला बचावपटू आणि गोलकीपर यांच्यात गोंधळ झाला आणि निको सेन्सोलीने मध्ये पाय घालून गोल केला. वीस वर्षांनंतरचा विजय, स्पर्धात्मक सामन्यातला पहिलाच. सेन्सोली एकोणीस वर्षांचा, म्हणजे वयाने अजून धाकट्या संघातही बसणारा. नोव्हेंबरमध्ये लिख्टेनश्टाइनच्याच वाडूझला जाऊन ३-१ जिंकले आणि नेशन्स लीग या युरोपियन देशांच्या स्पर्धेत एक पायरी वर गेले. ती मॅच मी शेवटची शिट्टी होईपर्यंत पाहिली.

त्या रात्रीचं प्रश्नचिन्ह शाईचं होतं, खोडता आलं नाही. म्हणून मॅच चालू असताना पेन्सिल वापरा. जाहीर झालेली यादी आणि प्रत्यक्ष उतरलेला संघ यांतही एखादं नाव बदलतं, कुणाला ताप येतो, कुणाला ऐनवेळी मोठ्या संघात बोलावतात. शाई दुसऱ्या दिवशी, युएफाच्या पानावरच्या नोंदींशी ताळा जुळल्यावर.