एमपीएससीची तयारी, हातात नोकरी नाही, अशात डोकं जाग्यावर कसं ठेवायचं

सगळ्यात आधी घरी खरं सांगा. निम्मा ताण अभ्यासाचा नसतोच, गावाकडून फोन आला की "काय झालं रे रिझल्टचं" याचा असतो, मग आपण फोन टाळतो, मग दिवाळीला जायचं टाळतो, आणि रूमवर एकटेच बसतो. पूर्व परीक्षा निघाली नसेल तर नाही निघाली म्हणून सांगून टाका, रूम, मेस, अभ्यासिका मिळून महिन्याचा खर्च किती तेही त्याच फोनवर बोला. बाबांशी जमत नसेल तर ताईला सांगा, ती बरोबर पोचवते.

दुसरं म्हणजे थांबायचं कधी हे रिझल्टच्या आधी ठरवा. दोन मार्कांनी कट-ऑफ हुकला की त्या रात्री प्रत्येकाला वाटतं अजून एकच अटेम्प्ट. राज्यसेवेला वयाची अट खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३, म्हणजे आयोग काय तुम्हाला लवकर थांबवणार नाही.

तोवर दोन-तीन तासांचं काम धरा, शिकवणी घ्या, क्लासचे पेपर तपासा, काहीही. पैसे थोडेच मिळतात पण चार वाजता कुणीतरी आपली वाट बघतंय म्हटल्यावर माणूस अंघोळ करून बाहेर पडतो (हसू नका, वाईट दिवसांत तेवढंच लई असतं). आन्सर की आली की टेलिग्राम ग्रुप दोन दिवस म्यूट.

आता महत्त्वाचं. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, लक्ष्मीकांतचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक उघडून तासभर तेच पान समोर, कशातच मन लागत नाही, असं असेल तर तो आळस नाही, मोटिव्हेशनल व्हिडिओ बघत बसू नका. १४४१६ लावा, सरकारची टेली मानस, म्हणजे मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पुण्यात असाल तर ससूनला मानसोपचार ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि जायचं. गोळ्या दिल्या तर बरं वाटायला दोन-चार आठवडे जातात, मधेच स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि रूम पार्टनर "आता जगून काय करायचं" असं बोलायला लागला तर विषय बदलू नका, सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना फोन करा, लगेच धोका वाटला तर ११२ हा आपत्कालीन नंबर लावा.