पार्किन्सनमध्ये उभं राहताच बीपी पडतो: घरी कसा मोजावा, कसा सावरावा

खुर्चीवर बसवून मोजलेला बीपी इथे फसवतो. माणसाला ५ मिनिटं आडवं झोपवा आणि बीपी-नाडी लिहून घ्या. मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीत असावा, शेजारी धरायला कोणीतरी असावंच. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ते उभं राहताना बीपी पडणं. बीपी एवढा पडूनही नाडी फारशी वाढली नाही, तर दोष बहुधा मज्जातंतूंचा. रक्तवाहिन्या आवळायला लावणारं नॉरॲड्रेनालिन पार्किन्सनमध्ये पुरेसं सुटत नाही. मोजणी सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर तासाभराने, अशी आठवडाभर करा आणि वही न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

चक्कर नसेल तरी निर्धास्त राहू नका. मान-खांदे दुखणं, डोळ्यांपुढे धूसर होणं, उभं असताना बोलणं तुटणं हीही बीपी पडल्याचीच खूण असू शकते. घरचे त्याला थकवा समजतात.

सकाळची वेळ सर्वांत धोक्याची. उठण्याआधी अर्धा लिटर साधं पाणी दोन-तीन मिनिटांत प्यायला द्या. बीपी थोड्या वेळात चढतो आणि साधारण तासभर टिकतो. गिळताना ठसका लागत असेल, तर अशी घाई नको. हृदय किंवा किडनीचा आजार असेल, तर पाणी आणि मीठ दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. मग पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसवा, पोटऱ्या आवळून सोडायला सांगा आणि त्यानंतर उभं करा. उभ्यानेच अंधारी आली, तर लगेच खाली बसवा.

नागपूरच्या नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हे सगळं दुप्पट काळजीने करावं लागतं. उन्हाने रक्तवाहिन्या सैलावतात, घामाने पाणी जातं. दुपारी ११ ते ५ बाहेर नेऊ नका, कूलरची खोली द्या, कढत पाण्याने आंघोळ टाळा. मीठ घातलेला मठ्ठा चांगला. गुळाचं गोड पन्हं एका बैठकीत भरपूर नको, कारण साखरेनंतर बीपी आणखी उतरतो. भरपेट वडाभाताचंही तसंच. थोडं थोडं चार-पाच वेळा द्या आणि जेवून लगेच चालायला लावू नका. संडासात जोर लावूनही बीपी पडतो, म्हणून बद्धकोष्ठतेवर उपाय आधी करा.

रात्री उलटं होतं: झोपल्यावर बीपी चढतो, लघवीही वाढते. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा घट्ट बसवा, उंची १५ सेंमीच्या आसपास. नुसत्या उशांनी फक्त मान वाकते. झोपून घेतलेला मोठा आकडा पाहून बीपीची गोळी वाढवली गेली, की दुसऱ्या दिवशी माणूस पडतो. म्हणून डॉक्टरांना झोपून आणि उभ्याने घेतलेले दोन्ही आकडे सांगा. प्रोस्टेटच्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही त्यांना दाखवा. पार्किन्सनचं मुख्य औषध लेवोडोपाही बीपी उतरवू शकतं, पण ते स्वतःहून कधीही बंद करू नका. अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. बीपी चढवणारं मिडोड्रिन दिलं असेल, तर शेवटची गोळी झोपण्याच्या किमान चार तास आधी.

शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा पडून डोक्याला मार लागला, तर थेट दवाखान्यात न्या. सोबत वही आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घ्या.