गोळीत सिलिका घालताना या चुका टाळा

औषधाच्या गोळ्या बनवताना यंत्राच्या हॉपरमधून (वरच्या नरसाळ्यातून) पावडर अडखळत उतरते, गोळ्यांची वजनं कमी-जास्त येतात, की लगेच कुणीतरी म्हणतं, "थोडी सिलिका वाढवा." सगळ्यात जास्त बॅचेस इथेच बिघडतात, असं माझं मत आहे.

पावडर नीट वाहण्यासाठी ही सिलिका, म्हणजे कोलायडल सिलिकॉन डायऑक्साइड, साधारण 0.1 ते 1 टक्का पुरतं. त्याचे अतिसूक्ष्म कण औषधाच्या मोठ्या कणांना चिकटून बसतात आणि त्यांना एकमेकांपासून जरा लांब ठेवतात. मोठ्या कणांचं अंग झाकून झालं की उरलेली सिलिका कामाची नाही. उलट मिश्रण फुगतं, त्यात हवा अडकते, डाय (गोळीचा साचा) पुरता भरत नाही आणि दाब पडल्यावर गोळीची टोपी, म्हणजे वरचा थर, सुटू शकते. म्हणून आधी ग्रॅन्युल्स (गोळीसाठी बनवलेले पावडरचे दाणे) तपासा. ओल राहिली आहे का? बारीक चुरा जास्त आहे का? तसं असेल तर मूळ दुखणं तिथे आहे, सिलिका वाढवून ते जाणार नाही.

दुसरी चूक म्हणजे पिशवी थेट ब्लेंडरमध्ये रिकामी करणं. ही पावडर इतकी हलकी, की एका किलोला जवळपास 20 लिटरचा डबा लागतो. चिमटीत घेतली तर हाताला जाणवतही नाही, पण पिशवीत दबून तिच्या गुठळ्या होतात आणि नुसतं फिरवून त्या फुटतीलच असं नाही. मग रंगीत गोळीवर पांढरे ठिपके दिसतात. मिश्रणातलीच थोडी पावडर घ्या, सिलिका तिच्यात मिसळा, दोन्ही मिळून 40 मेशच्या (इंचाला 40 छिद्रं असलेल्या) चाळणीतून काढा आणि मगच ब्लेंडरमध्ये टाका. मॅग्नेशियम स्टिअरेट (गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घालायचं वंगण) सगळ्यात शेवटी, तेही मोजकी मिनिटंच. ते जास्त फिरलं तर गोळी मऊ पडते आणि उशिरा विरघळते.

ही सिलिका अस्फटिक असते; फुप्फुसांना सिलिकोसिस करणारी क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेची, धूळ वेगळी. तरीही ओतताना मास्क लावाच, कारण ती फार उडते.

गोळ्यांच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी मात्र वेगळ्या कामाची, ओलावा शोषणारी. भरणी सुरू होण्याआधी पुड्या तासन्‌तास उघड्या ठेवल्या, तर त्या खोलीतलाच दमटपणा पिऊन बसतात. लागतील तेवढ्याच काढा, बाकीचा डबा लगेच बंद करा.