आरटीओएस वापरताना या चुका टाळा

आरटीओएस, म्हणजे रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, घातलेला मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड टेबलावर दिवसभर छान चालतो. रात्री चालू ठेवून घरी जावं, तर सकाळी तो रिसेट झालेला सापडतो आणि डीबगर जोडला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. अशा वेळी पहिला संशय हार्डवेअरवर जातो. माझा अनुभव असा, की टास्क (आरटीओएस आळीपाळीने चालवते ती प्रोग्रामची वेगवेगळी कामं) एकमेकांसाठी किती वेळ थांबतात, हे आधी तपासावं.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. रिअल-टाइम म्हणजे वेगवान नव्हे. परिस्थिती कितीही वाईट असली तरी काम मुदतीत होणारच, ही खात्री म्हणजे रिअल-टाइम. समजा, मुदत १० मिलिसेकंदांची आहे आणि टास्क सरासरी २ मिलिसेकंदांत संपतो. पण एकदा जरी १४ लागले तरी मुदत हुकलीच. म्हणून सरासरीवर विसंबू नका. टास्क सुरू होताना चिपची एक मोकळी जीपीआयओ (कोडमधून चालू-बंद करता येणारी) पिन हाय करा, संपताना लो करा आणि ऑसिलोस्कोपवर परसिस्टन्स (आधीचे पल्स स्क्रीनवर टिकवणारी सोय) लावून रात्रभर सोडा. सकाळी स्क्रीनवर सगळ्यात रुंद पल्स दिसेल, तिच्याकडे बघा.

दुसरी चूक सगळ्यात महागात पडते: खालच्या प्रायॉरिटीच्या (कमी महत्त्वाच्या) टास्कमुळे वरचा टास्क अडकून पडणं. १९९७ साली ४ जुलैला नासाचं मार्स पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्याचा संगणक मधूनच रिसेट होऊ लागला. त्यात व्हीएक्सवर्क्स नावाची आरटीओएस होती. हवामानाची माहिती गोळा करणारा खालच्या प्रायॉरिटीचा टास्क एक म्यूटेक्स (सामायिक डेटा एका वेळी एकाच टास्कला वापरू देणारं कुलूप) धरून बसायचा. डेटा बस सांभाळणारा वरचा टास्क त्याच म्यूटेक्ससाठी थांबायचा. तेवढ्यात मधल्या प्रायॉरिटीचा संपर्काचा टास्क जागा व्हायचा आणि प्रोसेसर घेऊन बसायचा. खालचा टास्क चालेना, म्हणून म्यूटेक्स सुटेना, म्हणून वरचा अडकलेला. शेवटी वॉचडॉग (वेळेत खबर मिळाली नाही तर संगणक रिसेट करणारा पहारेकरी) रिसेट मारायचा. त्या म्यूटेक्सवर प्रायॉरिटी इनहेरिटन्सचा, म्हणजे वरचा टास्क थांबला असेल तेवढा वेळ म्यूटेक्स धरणाऱ्याला त्याचीच प्रायॉरिटी देण्याचा, पर्याय बंद होता. पृथ्वीवरून तो चालू केल्यावर रिसेट थांबले.

हेच आपल्या कोडमध्येही घडतं. फ्रीआरटीओएस या आरटीओएसमध्ये म्यूटेक्सला प्रायॉरिटी इनहेरिटन्स असतो, बायनरी सेमाफोरला (इशारा देण्याच्या साध्या खुणेला) नसतो. तरीही कुलूप म्हणून बायनरी सेमाफोर वापरलेला कोड मी वारंवार पाहतो. सेमाफोर इंटरप्टकडून (चालू काम थांबवणाऱ्या हार्डवेअरच्या हाकेकडून) टास्कला इशारा द्यायला वापरा. सामायिक डेटा राखायला म्यूटेक्सच घ्या. आणि म्यूटेक्स धरून फ्लॅश मेमरीत लिहिण्यासारखं संथ काम करत बसू नका. इनहेरिटन्स असला तरी तेवढा वेळ वरच्याला थांबावंच लागतं.

प्रायॉरिटीच्या आकड्यांचाही घोळ होतो. फ्रीआरटीओएसमध्ये मोठा आकडा म्हणजे वरचा टास्क. झेफर आणि थ्रेडएक्स या दुसऱ्या आरटीओएसमध्ये उलट. त्यात कॉर्टेक्स-एम प्रोसेसरच्या इंटरप्टमध्ये लहान आकडा जास्त तातडीचा. रिसेटनंतर इंटरप्टची प्रायॉरिटी ० असते, म्हणजे सगळ्यात तातडीची. ती बदलायला विसरलात आणि त्या इंटरप्टमधून फ्रीआरटीओएसचं फंक्शन बोलावलंत, तर कर्नलचा (आरटीओएसच्या गाभ्याचा) डेटा कधी बिघडेल सांगता येत नाही. कॉन्फिग-असर्ट ही फ्रीआरटीओएसची चुका पकडणारी तपासणी चालू ठेवा. कॉर्टेक्स-एम३ आणि त्यावरच्या चिपवर ही चूक बहुधा पहिल्याच फेरीत पकडली जाते.

स्टॅकचं (प्रत्येक टास्कला दिलेल्या कामापुरत्या मेमरीचं) मात्र मी स्वतः भोगलंय. माझा एक बोर्ड अधूनमधून हार्ड फॉल्टमध्ये जायचा, म्हणजे गंभीर चुकीने प्रोसेसर अडकायचा, आणि मी चार दिवस पॉवर सप्लाय तपासत बसलो. शेवटी सेन्सरचा एरर मुद्दाम घडवून त्या टास्कच्या स्टॅकमध्ये कमीत कमी किती जागा उरली होती ते वाचलं, तर शून्य! फ्लोट (दशांश संख्या) छापणारी एसप्रिंटएफ या स्टॅक खाणाऱ्या फंक्शनची एक ओळ मीच आठवड्यापूर्वी घातली होती आणि ती फक्त एरर आल्यावर चालायची. म्हणून स्टॅक मोजताना एररच्या वाटाही चालवून बघा. एककाकडेही लक्ष द्या: मूळ फ्रीआरटीओएस स्टॅक वर्डमध्ये मोजतं, ईएसपी३२ चिपसाठीचं ईएसपी-आयडीएफ बाइटमध्ये. ३२-बिट चिपवर हा चौपटीचा फरक आहे.

ठरावीक अंतराने चालायच्या टास्कमध्ये साधा डिले टाकू नका. ३ मिलिसेकंदांचं काम आणि मग १० चा डिले म्हणजे फेरी १३ ची झाली. त्यासाठी डिले-अंटिल (ठरलेल्या वेळेपर्यंतच थांबवणारं फंक्शन) आहे. १ मिलिसेकंदाच्या टिकवर (आरटीओएसच्या घड्याळाच्या ठोक्यावर) वेळ मोजणारा ३२-बिट काउंटर ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो, म्हणून दोन वेळांची थेट तुलना न करता वजाबाकी करून अंतर काढा.

बोर्ड एकाहून जास्त असले की घड्याळांचा प्रश्न येतो. ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) चूक असलेलं क्रिस्टल, म्हणजे बोर्डाच्या घड्याळाला ताल देणारा स्फटिक, दिवसाला ४.३ सेकंद सरकतं. एक पुढे आणि दुसरं मागे गेलं तर फरक दुप्पट. मग दोन बोर्डांच्या टाइमस्टॅम्पवरून (नोंदवलेल्या वेळांवरून) आधी काय घडलं हे ठरवता येत नाही. मायक्रोसेकंदांची गरज असेल तर हार्डवेअर टाइमस्टॅम्पसह पीटीपी (नेटवर्कवरून घड्याळं अचूक जुळवण्याची पद्धत) लावा. एनटीपी या नेहमीच्या पद्धतीकडून साधारण मिलिसेकंदांचीच अपेक्षा ठेवा.

आणि वॉचडॉगला टायमरच्या इंटरप्टमधून रिफ्रेश करू नका, म्हणजे 'सगळं ठीक' ही खबर देऊ नका. सगळे टास्क अडकले तरी तो इंटरप्ट येतच राहतो आणि बोर्ड मेलेला असूनही रिसेट होत नाही. प्रत्येक टास्कने आपला एक बिट लावावा. सगळे बिट आले तरच एका टास्कने वॉचडॉग रिफ्रेश करावा, आणि कोणाचा बिट आला नाही ते रिसेटमध्ये न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत लिहून ठेवावं.